इनकॉम्पिटंट कुणाला म्हणता?

अप्पांच्या पायावरच्या शिरा गेली पंधरा-वीस वर्षं निळ्या आणि सुतळीसारख्या फुगलेल्या आहेत, आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे घरातल्या ओल आलेल्या भिंतीकडे बघावं तसं बघत आलो. म्हणजे बघायचं, "एकदा दाखवायला पाहिजे" म्हणायचं आणि चहा प्यायचा. यंदा मात्र घोट्याजवळची कातडी काळी पडली, खाज सुटली, आणि खाजवून खाजवून एक छोटी जखम झाली ती महिनाभर भरेचना. मग आईने फोन केला, मी शनिवारी गाडी घेऊन गेले आणि त्यांना पुण्याला आणलं.

डॉपलर, म्हणजे शिरेतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, काढताना मी आत होते. पेशंटला उभं करतात, पायाला ते गारेगार जेल फासतात, आणि टेक्निशियन एका हाताने पोटरी दाबून सोडतो. दाबली की स्क्रीनवर एक रंग वर सरकतो, सोडली की तो तिथंच थांबायला पाहिजे. अप्पांच्या पायात तो थांबत नव्हता, सोडल्यासोडल्या दुसराच रंग उमटायचा आणि भराभरा खाली यायचा. रक्त उलटं येतंय हे इतकं सरळ दिसतं की समजायला डॉक्टर लागत नाही. कातडीलगतच्या वरच्या शिरांमध्ये अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं वाहिलं तर बिघाड धरतात, असं त्या मुलाने सांगितलं. अप्पांचं बराच वेळ वाहत होतं.

रिपोर्ट हातात आला आणि अप्पांनी तो बाहेरच्या बाकावर बसून मोठ्याने वाचायला घेतला. अप्पा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कूलला छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवायचे, आणि कुठलाही इंग्रजी कागद ते मोठ्यानेच वाचतात, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा. तर वाचत वाचत एका ओळीवर थांबले, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला.

"इनकॉम्पिटंट? हे कुणाला म्हणतोय हा?"

शेजारच्या बाई बघायला लागल्या. मी म्हटलं अप्पा, तुम्हाला नाही, शिरेतल्या झडपेला म्हणतोय, तिला तिचं काम जमत नाही म्हणून.

"झडप कुणाची आहे?"

आता यावर काय बोलणार. छत्तीस वर्षं उभं राहून शिकवलेला माणूस, वर्गात खुर्ची असायची पण त्यांच्या मते ती फक्त हजेरी घेण्यापुरती, आणि त्या उभं राहण्यानेच बहुतेक या झडपा गेल्या (आजीचे पायही असेच होते म्हणा, हे घराण्यातूनही येतं). आणि बक्षीस काय तर इनकॉम्पिटंट. गाडीत बसेपर्यंत हा शब्द त्यांच्या तोंडात होता. मध्येच म्हणाले, "मी एका पोराच्या प्रगतिपुस्तकावर हा शब्द लिहिला नाही कधी."

ते खरं आहे, लिहिला नाही. 'ढ' मात्र भरपूर म्हटलं. आणि वर त्याची गोष्ट सांगायचे वर्गात, की बाबांनो, ब्राह्मी लिपीतली सगळी अक्षरं दोन हजार वर्षांत बदलली, कुणाला शेपूट फुटलं, कुणाच्या डोक्यावर रेघ आली, पण ढ जवळजवळ जसाच्या तसा राहिला, म्हणून वर्षानुवर्षं त्याच यत्तेत बसणारा तो ढ. ब्राह्मीतला ढ खरंच तसा दिसतो, मी नंतर बघितलं. पोरं हसायची, आणि ज्याला म्हटलंय तोही हसायचा, निदान मला तेव्हा तसं वाटायचं.

मला स्वतःला हा शब्द नवीन नव्हता. मी नोकरीला एका कंपनीच्या एचआरमध्ये आहे आणि आमच्याकडे कॉम्पिटन्सी हा शब्द दिवसातून चाळीस वेळा येतो, कॉम्पिटन्सी मॅट्रिक्स, कॉम्पिटन्सी गॅप, सगळं. १९७३ साली मॅक्लेलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लिहिलं की माणसाची नुसती बुद्धिमत्ता कशाला मोजता, काम करायची क्षमता तपासा, आणि तिथून ही सगळी वरात निघाली. पण गंमत अशी की कॉम्पिटन्सी चाळीस वेळा आली तरी 'इनकॉम्पिटंट' एकदाही येत नाही. तो लिहायचा नाही असा अलिखित नियम आहे. आम्ही लिहितो 'डेव्हलपमेंट एरिया', लिहितो 'नीड्स सपोर्ट', आणि ज्याला काढायचंच ठरलंय त्याच्या कागदावरसुद्धा 'नॉट अ राइट फिट' असलं काहीतरी गुळगुळीत. लेखी यायला लागला की हा शब्द अंगाला चिकटतो हे आम्हाला नीट ठाऊक आहे. त्या मानाने डॉक्टर आणि वकील बिनधास्त लिहितात. कारण त्यांच्या दृष्टीने ती शिवी नाहीच.

वकिलांचं आधी सांगते कारण ते छोटं आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्यात करार करायला कॉम्पिटंट कोण हे सांगितलंय: वयात आलेला, मन ठिकाणावर असलेला, कायद्याने मज्जाव न केलेला. बाकीचे इनकॉम्पिटंट. म्हणजे सतरा वर्षांची गणितात पहिली येणारी मुलगी इनकॉम्पिटंट आणि तिचा तीनदा धंद्यात बुडालेला काका कॉम्पिटंट. कलकत्त्याच्या धर्मोदास घोष नावाच्या मुलाने अज्ञान असताना, म्हणजे वय पूर्ण नसताना, वीस हजारांसाठी घर गहाण टाकलं होतं, आणि १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या लंडनमधल्या कोर्टाने, सांगितलं की तो कागद पहिल्यापासूनच रद्द. वकिलीचं पहिलं वर्ष केलेल्या कुणालाही विचारा, ही केस झोपेत सांगतील. इथे इनकॉम्पिटंट असणं म्हणजे ढाल आहे, सावकाराने फसवू नये म्हणून पोरापुढे धरलेली. आमच्या जुन्या सातबाऱ्यावर अप्पांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असं आहे, अज्ञान पालनकर्ता आई. आजोबा लवकर गेले, अप्पा तेव्हा सात वर्षांचे. अप्पांना ती तीन अक्षरं दाखवली तर रागवत नाहीत, उलट जरा गप्पच होतात.

आणि सरकारी मराठीत कॉम्पिटंटचं केलंय 'सक्षम'. सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घेऊन यावे, असं पत्र आलं की तो प्राधिकारी खरंच सक्षम आहे का हा प्रश्न विचारायचा नसतो, त्याला सही करायचा अधिकार आहे एवढंच. तो सही करायला जागेवर सापडत नाही हा वेगळा विषय.

आता डॉक्टरांचं. हे मी अप्पांना गाडीत सांगितलं नाही, पण त्यांच्या रिपोर्टवरचा तो शब्द मी वाचला तेव्हा माझ्या पोटात एकदम गार काहीतरी झालं, कारण तो माझ्या फाइलवर होता.

अकरा वर्षांपूर्वी माझं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. कळा नाहीत, फारसं दुखणं नाही, ऑफिसमधून घरी आले आणि थोडं जड वाटतंय म्हणून पडले, रात्री दवाखान्यात. नंतर आमच्या डॉक्टर बाईंनी समोर बसवून मराठीत सांगितलं, "पिशवीचं तोंड वेळेआधी उघडतंय गं. वजन पेलवत नाही त्याला. पुढच्या वेळी आपण टाका घालू." एवढंच. पिशवीचं तोंड, टाका. मला ते समजलं, आईला फोनवर सांगितलं तर तिलाही समजलं, सासूबाईंना समजलं, त्या म्हणाल्या आमच्या वन्संनाही घातला होता. पिठाच्या पिशवीचं तोंड शिवतात तसं डोळ्यासमोर आलं. त्यात माझ्याबद्दल काही नव्हतंच.

मग डिस्चार्ज कार्ड मिळालं आणि त्यावर निदानाच्या जागी टाइप केलेलं होतं, इनकॉम्पिटंट सर्व्हिक्स. सर्व्हिक्स म्हणजे तेच, पिशवीचं तोंड.

मी तो कागद घरी येऊन कितीदा वाचला असेल. मला इंग्रजी येतं हीच अडचण झाली. माझ्या नोकरीत जो शब्द आम्ही चोराच्या नावापुढेही लिहीत नाही तो माझ्या आतल्या एका अवयवापुढे लिहिलेला होता, आणि अप्पा म्हणाले तसंच, अवयव कुणाचा आहे? रात्री नवरा झोपल्यावर मोबाइलवर तो शब्द टाकून बघायचे, तर हजारो बायका वेगवेगळ्या देशांतून तेच विचारत होत्या, की असा शब्द कशाला. आता बरेच डॉक्टर 'सर्व्हायकल इन्सफिशियन्सी' लिहितात, बदलतोय तो. इन्सफिशियन्सी म्हणजे अपुरेपण. पस्तीसच्या ऐवजी चौतीस मार्क पडल्यासारखं. असो, थोडं तरी बरं.

पण टाक्याची गोष्ट मला फार आवडते आणि ती आपल्याकडची आहे. विठ्ठल नागेश शिरोडकर, जन्म १८९९, गोव्यातलं शिरोडा, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकले आणि तिथंच शिकवलं. चौथ्या, पाचव्या, सहाव्या महिन्यात पुन्हा पुन्हा मूल जाणाऱ्या बायका त्यांच्याकडे यायच्या आणि तोवर यावर धड उपाय नव्हता. विश्रांती घ्या, झोपून रहा, आणि नशीब. त्यांनी १९५५ साली आपली पद्धत छापली: गर्भाशयाच्या तोंडाभोवती आतून एक पट्टी फिरवून ते आवळायचं, आणि ती पट्टी कशाची, तर त्याच बाईच्या मांडीतल्या चिवट पडद्याची. म्हणजे तुझंच एक काम करणारं कापड घेऊन तुझं सैल झालेलं शिवायचं. आज जगभरच्या पुस्तकांत ते शिरोडकर स्टिच म्हणून आहे. पट्टीच्या जागी नंतर कृत्रिम टेप आली, आणि १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मॅकडोनाल्डनी त्याहून सोपा टाका काढला, बटव्याची नाडी ओढावी तसा. खरं सांगायचं तर मला घातला तो मॅकडोनाल्डचाच होता, पण वॉर्डमधल्या सिस्टर त्याला शिरोडकरच म्हणायच्या, आणि मीही म्हणते. चौदाव्या आठवड्यात घातला, सदतिसाव्यात काढला. पोरगी आता नऊ वर्षांची आहे आणि दारं आपटते.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी अप्पांना घरी आणलं, आणि रात्री जेवणं झाल्यावर बघते तर ते लेकीच्या टेबलावर जाडजूड डिक्शनरी उघडून बसलेले. मास्तर माणूस, अपमान झाला तरी आधी व्युत्पत्ती बघणार.

"पेटेरे", म्हणाले, "लॅटिन. पेटेरे म्हणजे एखाद्या गोष्टीकडे जाणं, ती मागणं, शोधणं. कॉम म्हणजे बरोबर. काँपेटेरे, एकत्र येणं, एकमेकांना जुळणं. त्यातून कॉम्पिटंट, आणि त्यातूनच कॉम्पिटिशन."

म्हणजे बघा, स्पर्धा आणि लायकी दोन्ही एकाच मुळातून, पण मूळ अर्थ 'एकत्र येऊन भेटणं'. आणि झडप म्हणजे काय असतं? शिरेत दोन पातळ पाकळ्या समोरासमोर. रक्त वर जाताना त्या बाजूला होतात, खाली यायला लागलं की एकमेकींना येऊन भेटतात आणि वाट बंद. शीर फुगली की पाकळ्या लांब लांब जातात, भेटत नाहीत, फटीतून रक्त खाली. म्हणजे तो रिपोर्ट लिहिणाऱ्याला ठाऊक असो नसो, त्याने शब्द अगदी मुळाबरहुकूम वापरला होता. अप्पांच्या झडपा नालायक नाहीत, त्यांची फक्त गाठभेट होत नाही.

अप्पा जरा खूश झाले. मग मीच म्हटलं, की अप्पा, हे मराठीत आहेच की आपल्याकडे. जमणं.

जमणं म्हणजे गोळा होणं, लोक जमले, पैसे जमले, ढग जमले. आणि जमणं म्हणजेच करता येणं, मला पोळ्या जमतात, त्याला गणित जमत नाही. जमा, जमाव, जमवाजमव, सगळं त्याच अरबी घरातून फारसीमार्गे आलेलं. लॅटिनवाल्यांनी जे केलं तेच आपण केलं, एकत्र येण्यातूनच 'येणं' काढलं. झडपांचं जमत नाहीये. संपलं, एवढाच रिपोर्ट.

आणि यात एक बारीक गोष्ट आहे जी मला इंग्रजी वाचून वाचून उशिरा दिसली. मराठीत जमत नाही हे मी नसतं, ते मला असतं. मला पोहता येत नाही. म्हणजे पोहणं माझ्याकडे येत नाही, मी इथे बसलेय, ते तिकडे आहे, आज नाही आलं, उद्या येईल. इंग्रजीतला तो शब्द विशेषण आहे, तो माणसाला लावतात, आणि विशेषण एकदा लावलं की निघत नाही, नवीन भांड्यावरच्या स्टिकरसारखं. डॉक्टर बाई मराठीत बोलल्या तेव्हा 'उघडतंय', 'पेलवत नाही'. कागदावर उतरलं तेव्हा विशेषण झालं.

आता लगेच कुणी म्हणेल की आपली भाषा किती प्रेमळ, तर तसं काही नाही. विशेषणांची आपल्याकडे कमी आहे का? वेंधळा, धांदरट, गबाळा, बावळट, ठोंब्या, कुचकामी. आणि त्यातही वर्गवारी बघा किती बारीक: वेंधळ्याचं लक्ष नसतं, धांदरटाला घाई असते, गबाळ्याला टापटीप नसते, आणि कुचकाम्याचं काहीच चुकत नाही, तो फक्त कशालाच उपयोगी पडत नाही. या सगळ्यांना इंग्रजीत एकाच शब्दात कोंबता येईल का, मला शंका आहे. आणि क्रियापदही काही कमी बोचत नाही. "तिला मूल टिकत नाही" हे वाक्य मी दाराआडून ऐकलंय, स्वतःबद्दल. त्यात विशेषण नव्हतं, 'तिला' होतं, 'टिकत नाही' होतं. व्याकरण अगदी दयाळू होतं. रडू तरी आलंच.

आणि 'मला जमत नाही' ची दुसरी बाजू तर आमच्या घरातच राहते. हल्ली 'वेपनाइज्ड इनकॉम्पिटन्स' म्हणतात ना, म्हणजे काम मुद्दाम इतकं वाईट करायचं की परत कुणी सांगायचंच नाही, ते. माझ्या नवऱ्याने लग्नाच्या पहिल्या महिन्यात कोथिंबीर सांगितली तर शेपू आणला. दुसऱ्यांदा परत शेपू. तिसऱ्यांदा मी पाठवलंच नाही, म्हणजे सामना त्याने जिंकला. हाच माणूस ऑफिसात दोन सर्व्हरच्या नावातला एका अक्षराचा फरक रात्री दोन वाजता ओळखतो. विचारलं तर म्हणतो, "मला नाही बाबा ते पालेभाज्यांचं जमत." बघा, 'मला' आहे, 'जमत नाही' आहे, सगळं कसं आपोआप, बाहेरून आलेलं, त्याचा काही दोषच नाही. जी वाक्यरचना डॉक्टर बाईंच्या तोंडून मला आधार वाटली तीच इथे पळवाट. याला मात्र विशेषणच लावलं पाहिजे असं माझं मत आहे आणि मी ते लावते.

ऑफिसातही हेच. चांगला प्रोग्रॅमर असतो, त्याला बढती देऊन मॅनेजर करतात, आणि मग तो माणसं सांभाळता न आल्याने रोज घामाघूम. १९६९ साली पीटर आणि हल यांनी पुस्तकच लिहिलं यावर, की नोकरीत माणूस आपल्याला न जमणाऱ्या जागेपर्यंत चढत जातो आणि तिथे थांबतो. विनोदी पुस्तक आहे पण आमच्या मजल्यावर ते कुणी विनोद म्हणून वाचत नाही. अप्पांना शेवटची दोन वर्षं हेडमास्तर केलं होतं. त्या दोन वर्षांबद्दल ते बोलत नाहीत.

शिरेच्या झडपांची एक गोष्ट त्यांना सांगितली ती मात्र त्यांना फार आवडली. इटलीतल्या पादुआत फॅब्रिशियस नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी १६०३ मध्ये या झडपांवर पुस्तक छापलं, त्यांना 'छोटी दारं' म्हटलं, चित्रं अप्रतिम काढली, आणि काम काय ते चुकीचं सांगितलं. त्यांना वाटलं रक्त खाली जाताना फार जोरात जाऊ नये, पायात साचू नये म्हणून ही दारं आहेत. रक्त शिरांतून वरच, हृदयाकडेच जातं हे त्यांच्या विद्यार्थ्याने, विल्यम हार्वेने, १६२८ मध्ये दाखवलं, दंडाला पट्टी बांधून आणि शिरेवर बोट फिरवून. अप्पा म्हणाले, "म्हणजे मास्तरचं चुकलं, पोराने बरोबर केलं." मग जरा थांबून, "पण दारं मास्तरने दाखवली होती."

डॉक्टरांनी लेझरचं सुचवलंय, तारीख पुढच्या महिन्याची आहे, तोवर जखमेला ड्रेसिंग आणि दिवसभर घट्ट स्टॉकिंग. हे स्टॉकिंग म्हणजे मोजा नव्हे, ती कुस्ती आहे. सकाळी उठल्या उठल्या, पाय सुजायच्या आत चढवायचं. पहिल्या दिवशी अप्पांनी पाच मिनिटं झटापट केली आणि जाहीर केलं, "मला नाही जमत हे."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जमत नाही नाही, करायचं नाही. पन्नास वर्षं ऐकतेय." आणि हात पुसत आलीच घालायला. म्हणजे परत शेपूच.

दुसऱ्या दिवशी मात्र लेक मध्ये पडली. तिने कुठल्याशा व्हिडिओत बघितलं होतं, पावलावर आधी गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी घालायची, त्यावरून स्टॉकिंग सरकतं, आणि बोटांकडून उघडं असतं तिथून पिशवी ओढून काढायची. "आजोबा, पाय ताठ नका ना धरू. सोडा. अहो सोडा ना." जमिनीवर मांडी घालून बसली, आजोबांचं पाऊल मांडीवर, जीभ दातात. ड्रेसिंग सांभाळून टाच गेली, घोटा गेला, पोटरीपर्यंत आलं. अप्पा वरून बघत होते, वर्गात फळ्यावर कुणी गणित सोडवताना मागे उभं राहून बघायचे तसे, न बोलता.

"आता पिशवी ओढा. तुम्हीच ओढा."

अप्पांनी वाकून पिशवीचं तोंड धरलं आणि ओढली, ती टर्रकन फाटली, अर्धी हातात, अर्धी आत. दोघंही तिच्याकडे बघत बसले. मग अप्पा म्हणाले, "उद्या जाड पिशवी घेऊ."